दोन दिवस कमी

शनिवारी सकाळी टिपणीस कारकुनांनी नोटीस बोर्डावर यादी लावली आणि अनंता शिगवणनं बोटानं एकेक ओळ धरून ती वाचली. त्याचं नाव शेवटून तिसरं होतं. नावापुढे लिहिलं होतं : कामाचे दिवस एकावन्न, हजर दिवस सदतीस. त्यापुढे लाल शाईची एक फुली होती, चांगली दोनदा गिरवलेली.

त्यानं तिथंच उभ्या उभ्या हिशेब केला. एकावन्नाचे पाऊण म्हणजे सव्वाअडतीस. मंडळवाले पाव दिवसाची सूट देणारे नव्हेत, म्हणजे हवे एकोणचाळीस. दोन कमी. पुन्हा केला, तरी दोनच कमी. बोटांवर मोजून पाहिलं, कारण माणूस घाबरला की त्याचा स्वतःच्या डोक्यावरही विश्वास राहत नाही. बोटांनीही तेच सांगितलं.

हे मंडळ म्हणजे मुंबईला गिरण्यांत राबणाऱ्या कुणबी मंडळींनी काढलेला ज्ञातीचा विद्यार्थी फंड. अनंताची कॉलेजची फी त्यातून जायची, वसतिगृहातलं दोन वेळचं जेवण त्यातून व्हायचं. त्याच्या अंगातला सदराही त्यातलाच होता. मंडळाचा नियमांचा छापील कागद त्याच्या पत्र्याच्या ट्रंकेत सगळ्यात वर ठेवलेला असे. हजेरी तीन चतुर्थांश, गुण शेकडा पन्नास आणि वर्तन चांगलं. यांपैकी एकही उणं पडलं तर साहाय्य बंद, आणि एकदा बंद झालेलं साहाय्य कोणत्याही सबबीवर पुन्हा सुरू होणार नाही. हे शेवटचं वाक्य ठळक छापलेलं होतं. देवाचं स्तोत्र पाठ नसेल, पण हे वाक्य अनंताला पाठ होतं. गुणांचं कसंबसं निभावलं होतं, पहिल्या सहामाहीत त्रेपन्न टक्के पडले होते. वर्तनाबद्दल तर बोलायलाच नको, गरिबाच्या पोराला वाईट वागायची फुरसत कुठली? गाडं अडलं ते हजेरीवर.

तो धावतच कचेरीत गेला. टिपणीस चष्मा कपाळावर चढवून पान लावत होते.

"सर, मी चौदा दिवस गावी होतो. माझे चुलते वारले."

"ठाऊक आहे मला," टिपणीस म्हणाले. "तुझ्या डोक्याकडे बघून आंधळ्यालाही कळेल. क्रियेला तूच बसला होतास ना?"

अनंतानं डोक्यावरून हात फिरवला. केस जेमतेम बोटभर उगवले होते. मोरूकाकाला मूलबाळ नव्हतं. त्याला पाणी देणारा हाच एक पुतण्या, तेव्हा तेरावं होईपर्यंत त्याला हलता आलं नव्हतं.

"मग सर, ते दिवस माफ नाही होणार?"

"होतील की. प्रिन्सिपॉलसाहेबांना तो अधिकार आहे. पण लेखी पुरावा लागतो. तुझं डोकं काही मला फाइलीला लावता येत नाही." टिपणिसांनी पान तोंडात टाकलं. "घरून पत्र आलं असेल ना? ते आण, लावून टाकू."

पत्र आलं होतं. पोस्टकार्ड होतं, कोपरा फाडलेलं, शाळामास्तरांच्या अक्षरातलं. कोपरा फाडलेलं कार्ड दिसलं की वाचायच्या आधीच माणूस खाली बसतो. अनंतानं ते वसतिगृहाच्या अंगणात वाचलं, तिथंच त्याचे बारीक तुकडे केले, विहिरीवर अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ केली आणि गाडी धरली. मरणाची चिठ्ठी घरात ठेवायची नसते, उंबऱ्याच्या आतसुद्धा न्यायची नसते, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. इंग्रजीचे धडे रात्रंदिवस घोकूनही विसरायचा, पण हे तो आईच्या दुधाबरोबर शिकला होता.

"फाडलं, सर."

टिपणिसांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. "अर्थात. मीही फाडलंच असतं. माझा बाप गेल्याचं कार्ड मी काय सांभाळून ठेवलंय?" त्यांनी चुन्याची डबी मिटली. "पण मुंबईच्या मंडळाला हे कसं सांगायचं? तिथे सगळे आपलेच लोक, पण कागद मागताना ते मंडळ असतात. असं कर. तुमच्या पोलीस पाटलाकडे जन्ममृत्यूचं रजिस्टर असतं. त्यातला उतारा आण, सहीचा. मंडळाला जाणारी प्रगतिपत्रकं मंगळवारी टपालात पडतील. उद्या रविवार आहे. सोमवारी दहाला माझ्या टेबलावर उतारा पाहिजे."

"सोमवारी पहिला तास साडेसातचा आहे, सर."

"मग तो एक बुडेल. त्याला माझा इलाज नाही." टिपणीस हळू आवाजात म्हणाले, "जा लवकर. म्हसळ्याची गाडी दोनला आहे."

गाडीत अनंताला बसायला जागा मिळाली, पण टेकवत नव्हतं. एक बाप, एक काकी आणि डोंगराच्या कुशीतली सव्वादोन एकर भातजमीन, एवढाच त्यांचा संसार. आई तो चौथीत असतानाच गेली, आणि तेव्हापासून त्याला भाकरी सोनाबाईकाकीनंच घातली. साहाय्य बंद झालं तर उद्या ट्रंक उचलून घरी यायचं. घरी येण्याची त्याला लाज नव्हती. पण सगळा कोंड, म्हणजे सगळी वाडी, त्याच्याकडे पाहून बोलायची, आपला अनंता मामलेदार होणार, आणि मोरूकाका तर आधीपासूनच त्याला मामलेदारसाहेब म्हणायचा. आता त्याच काकाच्या मरणापायी कॉलेज सुटणार, आणि याचा राग कुणावर काढायचा हेही त्याला कळत नव्हतं. काकावर राग काढावा तर तो बिचारा सुटून गेला होता.

म्हसळ्याला उतरून त्यानं अडीच कोस वाट तुडवली. दिवेलागणीला तो वडाच्या कोंडावर पोचला. काकी पडवीत तांदूळ पाखडत बसली होती. पावलांचा आवाज आला तशी तिनं मान वर केली, आणि अनंता अंगणातच थबकला.

तिच्या कपाळावर कुंकू होतं. हातात हिरव्या बांगड्या होत्या.

महिन्याभरापूर्वी याच अंगणात बायकांनी ते कुंकू पुसलं होतं. बांगड्या फोडल्या तो आवाज त्यानं स्वतः ऐकला होता, आणि काकीचा टाहोही. त्याला वाटलं, उन्हातून चालून आपल्याला भोवळ आली.

"आलास?" काकी म्हणाली. तिनं पदर कपाळावर ओढला. "पाय धू. भाकर हाय."

"काकी, हे काय?"

ती सूप उचलून आत गेली.

आतून त्याचा बाप, अंबाजी, बाहेर आला. त्यानं मुलाच्या हातातली पिशवी घेतली आणि त्याला पडवीच्या कडेला बसवलं.

"तिला काय इचारू नको. मीच लावाय लावला तिला."

"का?"

"तू गेलास आन् तिसऱ्या दिशी मामलेदाराची नोटीस आली. मोरूच्या नावाची." अंबाजीनं आवाज खाली घेतला, जणू भिंतीपलीकडे कुणी कान लावून उभं होतं. "कूळ म्हनून नाव त्याचं हाय. धा तारखेला हजर व्हायचा. इतकी वर्सा खोताची जमीन कसली, ती नावावर व्हायची येळ आली, आन् हा गेला."

"मग तसं सांगायचं. गेला म्हणून."

"आन् खोत काय सांगंल? कूळ मेला, पोर ना बाळ, जमीन माजी! तिकडं तळ्याच्या वाटंला एकाची तशीच गेली म्हनतात."

"कोण म्हणतं?"

"सगळी म्हनतात," अंबाजी म्हणाला. त्याच्या लेखी एवढा पुरावा भरपूर होता. "पाटलाला सांगितलाय, नोंद करू नको. सरकारच्या कागदावर मोरू जिता हाय. धा तारखेपातूर जिताच ऱ्हायला पायजे. मी सांगंन, भाव अंथरुनाला खिळलाय, बोलत न्हाय. काकी माज्यासंगट यील. तिच्या कपाळाला कुंकू असला तर मामलेदार इश्वास ठेवंल. आन् खोताचा कारभारी हितं पेंढ्याला येतो, त्याला काय दिसला तर?"

तो ज्यासाठी अडीच कोस धावत आला होता ते आता कसं मागायचं? पण न मागूनही चालणार नव्हतं. त्यानं सगळं सांगितलं. यादी, लाल फुली, दोन दिवस, पाटलाचा उतारा. सांगताना त्याचा आवाज चिरकत होता, आणि आपण बापापुढं असे रडकुंडीला येतो याचीच त्याला चीड येत होती.

अंबाजीनं पायाच्या भेगेत बोट घातलं. मग म्हणाला, "शाळेतनं सुटलास तर हात हायत, पाय हायत. जमीन सुटली तर काय खानार?" थोड्या वेळानं त्यानंच आपलं बोलणं खोडलं. "पर तू शिकलास तर जमिनीची गरज बी न्हाय. मला काय कळत न्हाय, अनंता. तूच ठरव. तू शिकलेला हायस."

बापानं दोन थोबाडीत दिल्या असत्या तर अनंताला सोपं गेलं असतं. ठरवण्याचं ओझं डोक्यावर आलं आणि त्याला जेवण गेलं नाही. आत चुलीपाशी काकी भाकरी थापत होती. तिचा हात एकदाही थांबला नाही, म्हणजे तिनं सगळं ऐकलं होतं.

रविवारी सकाळी तो रावजी पाटलाकडे गेला. रावजी म्हणजे कोंडाचा पोलीस पाटील, पण पाटीलकीचा तोरा त्याच्यात नव्हता. त्यानं लाल फडक्यात बांधलेलं रजिस्टर सोडलं आणि पान उघडून अनंतापुढं धरलं. पौष महिन्यात एक बारकं पोर आणि एक म्हातारी, एवढ्याच नोंदी होत्या. त्यांच्याखाली ओळ कोरी होती.

"ही तुज्या काकाची जागा," रावजी म्हणाला. "महिना होत आला, आता भरली पायजे, न्हायतर माज्या गळ्याला येतंय. तुजा बापूस म्हनतो लिवू नको. मी न्हाय लिवला. आता तू म्हन. लिवू काय?"

त्यानं दौतीत टाक बुडवून वर धरला. टाकाच्या टोकावर शाईचा थेंब लोंबत होता. अनंता त्या थेंबाकडे बघत राहिला. 'लिहा' म्हटलं की काम फत्ते, सोमवारी दहाला टिपणिसांच्या टेबलावर कागद. पण खोताचा कारभारी दर पंधरवड्याला याच पडवीत चहा पितो आणि हेच रजिस्टर चाळतो, हेही त्याला माहीत होतं.

"नको," तो म्हणाला. "नका लिहू."

रावजीनं टाक पुसला आणि रजिस्टर फडक्यात बांधलं. "शाना हायस," तो म्हणाला. ते ऐकून अनंताला रडू आलं. ते लपवायला तो तडक नदीकडे चालता झाला आणि दुपारपर्यंत एका कातळावर बसून राहिला. मनात हजार युक्त्या आल्या. शाळामास्तरांकडून दुसरं कार्ड लिहून घ्यावं, पण पोस्टाच्या शिक्क्याची तारीख कुठून आणायची? पाय धरावेत तर टिपणिसांचे की प्रिन्सिपॉलचे? एकही युक्ती पाच मिनिटं टिकली नाही.

सोमवारी झुंजुमुंजू व्हायच्या सुमाराला तो निघाला. अंबाजी गोठ्यात होता, त्यानं नुसता हात वर केला. पहिला उतार संपतो तिथं मागून पावलं वाजली. अनंतानं वळून पाहिलं. डोक्यावर वालाच्या शेंगांची टोपली घेऊन काकी येत होती.

"चल," ती म्हणाली. "मी येते सांगाय."

"कुणाला?"

"तुज्या सायबाला. मेला तो माजा न्हवरा. माज्यापरीस जास्त कुनाला ठावं हाय?"

"काकी, बाबांना माहीत आहे?"

"शेंगा इकाय म्हसळ्याला जाते म्हनून सांगितलाय." ती त्याच्या पुढं गेली. "चल लवकर. गाडी सुटंल."

अनंताला तिला परत पाठवायला हवं होतं. ते त्याला कळत होतं, आणि तरी तो तिच्यामागून चालत राहिला. वाटभर त्याचं मन त्याला खात होतं, पण पाय मात्र भराभर पडत होते.

म्हसळ्याच्या स्टँडवर गाडी उभी होती. चढायला दोन माणसं पुढं, आणि मागून हाक आली.

"सोनाबाय! हिकडं कुठं?"

खोतांचा कारभारी, दयाराम. हातात छत्री, तोंडात विडी. अनंतानं टोपी कपाळावर ओढली आणि आपलं बोडकं डोकं झाकलं.

"शेंगा घेऊन चाललेव," काकी म्हणाली.

"मोरू दिसला न्हाय महिन्याभरात. कसा हाय?"

काकीनं टोपली एका हातानं सावरली.

"हाय तसाच हाय," ती म्हणाली. "बोलत न्हाय."

"दवाखान्यात न्या की."

"बगू," काकी म्हणाली आणि गाडीत चढली. बसल्यावर तिनं टोपली मांडीवर घेतली आणि तिच्या कडा दोन्ही हातांनी गच्च धरल्या. कॉलेजचं गाव येईपर्यंत तिनं त्या सोडल्या नाहीत. अनंता खिडकीतून बाहेर बघत घड्याळाचा अंदाज घेत होता. नऊ वाजले असतील. सव्वानऊ. गाडी एका ओढ्यापाशी थांबली तेव्हा त्याला वाटलं, खाली उतरून ढकलावी.

दहाला दहा मिनिटं कमी असताना ते कचेरीत शिरले. टिपणिसांनी अनंताच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, मग काकीकडे.

"उतारा नाही मिळाला, सर. ही माझी काकी. ज्यांचे यजमान..."

टिपणीस उठले. एवढ्या सकाळी एवढ्या लांबून एक बाई आली म्हणजे काय ते त्यांना कळलं असावं. त्यांनी दोघांना प्रिन्सिपॉलसाहेबांच्या खोलीत नेलं आणि थोडक्यात हकिगत सांगितली.

साहेब देशावरचे, कडक, पण सरळ माणूस. त्यांनी काकीला नमस्कार केला. मग तिच्या कपाळाकडे पाहिलं, हातातल्या बांगड्यांकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"शिगवण, तुझे चुलते वारले म्हणतोस. ह्या त्यांच्या पत्नी. आणि ह्यांच्या कपाळावर कुंकू?"

आता काय सांगायचं? खरं सांगावं तर जमीन जाते, आणि न सांगावं तर आपण खोटारडे ठरतो. मग वर्तनाचीही अट मोडली, आणि तिला तर क्षमा नाहीच. त्याच्या तोंडून नुसता 'सर, सर' एवढाच आवाज निघाला.

"हे काय नाटक आहे?" साहेब म्हणाले. ओरडले नाहीत, पण ओरडले असते तर बरं झालं असतं.

काकीनं टोपली भुईवर ठेवली.

"सायेब, पोराला बोलू नका. त्यानं काय केला न्हाय." ती टेबलाजवळ आली. "पयल्यांदा पुसला तवा गाव होता पुसाय. मग घरानं सांगितला, पुन्यांदा लाव, कचेरीत जायचाय. लावला. आता मीच पुसते."

तिनं पदराचं टोक कपाळाला लावून घासलं. मेणावरचं कुंकू, नुसतं पसरलं. टिपणिसांनी टेबलावरचा तांब्या पुढं सरकवला. काकीनं पदर भिजवला आणि पुन्हा घासलं, पुन्हा घासलं. कपाळ लालभडक झालं, आधी कुंकवानं आणि मग घासल्यानं. साहेबांनी मान खाली घातली.

"पुरे, बाई," ते म्हणाले. "पुरे. टिपणीस, ह्यांचा जबाब लिहून घ्या."

टिपणीस लिहू लागले आणि लिहिता लिहिता वाचू लागले. "मी, सोनाबाई मोरू शिगवण, राहणार वडाचा कोंड, लिहून देते की माझे पती मोरू राघो शिगवण हे..."

"सर, नाव नको!" अनंता जवळजवळ किंचाळला. "नुसतं 'चुलते' लिहा. जमीन त्यांच्या नावावर व्हायची आहे. कागद कुणाच्या हाती लागला तर काकीची जमीन जाईल."

साहेबांनी टिपणिसांकडे पाहिलं. टिपणीस म्हणाले, "बायको वारस लागत असेल, मला वाटतं. पण मी काही वकील नाही. आणि मंडळ बिननावाचा मृत्यू धरणार नाही, एवढं नक्की."

"मग नको," अनंता म्हणाला. हे तो खरंच मनापासून म्हणाला. खोलीत शिरल्यापासून पहिल्यांदाच त्याची भीती थोडी बाजूला सरली होती. "काकी, चल. राहू दे. मी करीन काहीतरी."

काकी जागची हलली नाही.

"लिवा, सायेब," ती टिपणिसांना म्हणाली. "पुरा नाव लिवा. अरं, जितेपनी राबला तो, पाठीचा कना मोडंस्तवर राबला. आता मेल्यावर कागदावर बी राबवतायसा त्याला. किती राबवाल? सकाळी त्या कारभाऱ्याला मी सांगितला, हाय तसाच हाय. माज्या तोंडानं सांगितला मी!" तिचा आवाज फुटला. "एका न्हवऱ्यासाठी दोनदा रांड झाले. आता तिसऱ्यांदा न्हाय व्हायची. लिवा."

टिपणिसांनी लिहिलं. शाईचं पॅड पुढं केलं. काकीनं अंगठा ठेवला, तो जरा जास्तच दाबून.

साहेबांनी अनंताचं प्रगतिपत्रक ओढलं आणि हजेरीच्या आकड्यापुढे लिहिलं : 'तूट क्षम्य. पुरावा सोबत.' सही केली. मग मान वर केली.

"हे एकदाच. यापुढे परीक्षेपर्यंत तुझा एकही तास चुकता कामा नये. चुकला तर मी स्वतः मंडळाला कळवीन. आजपासून. पुढचा तास कधी आहे?"

"साडेदहाला, सर."

"मग त्या तासापासून."

बाहेर आल्यावर अनंताला वाटलं होतं, आपल्याला हलकं वाटेल. थोडं वाटलंही, हे नाकारण्यात अर्थ नाही. छातीवरचा दगड उतरला होता. पण तो कुणाच्या डोक्यावर गेला तेही समोर दिसत होतं. काकी दोन पायऱ्या उतरली, तिसरीवर बसली, आणि तिनं टाहो फोडला.

"माज्या मालका रं! कुनाच्या जिवावर टाकून गेलास रं!"

ते गावाकडचं, अंगणातलं रडणं होतं, सूर लावून, छाती पिटून. कॉलेजच्या आवारात असं रडणं कुणी ऐकलं नव्हतं. वह्या घेतलेली पोरं थांबली. शिपाई धावत आला. अनंता तिच्याजवळ बसला, तिच्या पाठीवर हात ठेवला, पण ती कुणाला आवरत नव्हती. महिनाभर अडवून धरलेलं सगळं बाहेर येत होतं. त्याला वाटलं, आता इथंच बसावं, ती थांबेपर्यंत बसावं, मग तिला चहा पाजावा आणि गाडीत बसवून द्यावं. एवढं तरी आपण केलंच पाहिजे.

तेवढ्यात घंटा झाली.

अनंतानं मान वर करून बघितलं. साहेब आपल्या खोलीच्या खिडकीत उभे होते.

काकीनं रडता रडताच त्याला ढकललं. "जा. वर्गात जा. मी तीनच्या गाडीनं जाईन. जा म्हनते ना!"

तो उठला. दोन पावलं गेला, मागं फिरला, पुन्हा गेला. शेवटी पळत सुटला, कारण चालत गेला असता तर तो वर्गापर्यंत पोचलाच नसता.

वर्गात त्याची जागा खिडकीजवळ होती. सर आले, हजेरीपट उघडला आणि नंबर घेऊ लागले. बाहेरून काकीचा आवाज येतच होता. मागची दोन पोरं हसली. सरांना पुढचे नंबर नीट ऐकू येईनात.

"खिडकी लावा रे," सर म्हणाले. "तू, खिडकीजवळचा."

अनंतानं हात पुढं केला. खाली पायरीवर काकी बसलेली दिसत होती, तिच्या शेजारी वालाची टोपली, आणि तिच्याभोवती पोरांचं कडं. त्यानं एक झडप ओढली. मग दुसरी ओढली आणि कडी लावली. आवाज अर्धा झाला, पण बंद झाला नाही.

"बेचाळीस."

"हजर."

"त्रेचाळीस."

त्याचा नंबर होता. त्याचा हात अजून कडीवरच होता. सरांनी मान वर केली नाही, टाक हजेरीपटावर टेकवून ते नुसते थांबले.

"त्रेचाळीस! आहे की नाही?"

"हजर, सर," अनंता म्हणाला.

सरांनी खूण केली आणि चव्वेचाळीस नंबर पुकारला.